जीआरईचा स्कोअर विद्यापीठाकडे कधी पाठवावा

अमेरिकेतील विद्यापीठांत एम.एस. किंवा पीएच.डी.साठी अर्ज करू इच्छिणारे विद्यार्थी जीआरई या प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या तयारीला कित्येक महिने देतात. मात्र मिळालेला स्कोअर कोणत्या विद्यापीठाला, केव्हा आणि कोणत्या पर्यायाने पाठवायचा, हा प्रश्न त्यांच्यापैकी अनेकांपुढे प्रथम उभा राहतो तो परीक्षा संपताना, पडद्यावर विद्यापीठे निवडण्याची सूचना आल्यावर. तोपर्यंत डोके थकलेले असते, जवळ स्वतःची टिपणे नसतात, कोणाला विचारण्याची सोय नसते, आणि तेथे पाठवलेला रिपोर्ट परत मागवता येत नाही. म्हणून हा निर्णय परीक्षेच्या दिवसापूर्वीच पूर्ण झालेला असावा, असे मी आग्रहाने सांगेन. त्यासाठी ईटीएस या परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे नियम आणि विद्यापीठांची अर्ज हाताळण्याची रीत, या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या समजून घेतल्या पाहिजेत.

सर्वप्रथम एक फरक लक्षात घ्यावा, कारण बहुतेक गोंधळ येथूनच सुरू होतो. ऑनलाइन अर्जात विद्यार्थी स्वतः आपले गुण आणि परीक्षेची तारीख भरतो, ही झाली स्कोअरची स्वतः दिलेली माहिती. ईटीएसकडून थेट विद्यापीठाच्या संगणकीय यंत्रणेत जातो, तो अधिकृत स्कोअर रिपोर्ट. काही विद्यापीठे अर्जाच्या वेळीच अधिकृत रिपोर्ट मागतात आणि तो आल्याशिवाय अर्ज पूर्ण झाला असे मानत नाहीत. दुसरी काही विद्यापीठे अर्जातील आकडे किंवा ईटीएसच्या खात्यातून उतरवून घेतलेली स्कोअरची प्रत पाहून निर्णय घेतात, आणि प्रवेश देऊ केल्यानंतरच अधिकृत रिपोर्टची मागणी करतात. या दुसऱ्या प्रकारच्या विद्यापीठांना प्रवेशाच्या निर्णयापूर्वी रिपोर्ट पाठवणे म्हणजे विनाकारण डॉलर खर्च करणे होय. आठ-दहा विद्यापीठांना अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याच्या खर्चात त्यामुळे चांगलाच फरक पडतो, कारण परीक्षेच्या दिवशी मिळणाऱ्या चार मोफत रिपोर्टनंतरच्या प्रत्येक रिपोर्टला वेगळे शुल्क द्यावे लागते.

कोणते विद्यापीठ कोणत्या प्रकारात मोडते, हे त्याच्याच संकेतस्थळावर पाहावे, आणि तेही दोन ठिकाणी पाहावे. अमेरिकन विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेशाचे एक मध्यवर्ती कार्यालय असते आणि प्रत्येक विभागाच्या स्वतःच्या अटीही असतात. मध्यवर्ती पानावर स्वतः भरलेले गुण चालतात असे लिहिलेले असले, तरी संगणकशास्त्र किंवा विद्युत अभियांत्रिकी विभागाच्या पानावर अधिकृत रिपोर्टची अट असू शकते. दोन्हींत विसंगती आढळल्यास विभागाला ईमेलने विचारून लेखी उत्तर मिळवावे, आणि उत्तर येईपर्यंत कडक अट हीच खरी धरून चालावे. मागच्या वर्षी गेलेल्या मित्राने सांगितलेली माहिती ही त्याच्या वर्षापुरती खरी असते. या अटी दर हंगामात बदलू शकतात.

आता परीक्षेच्या दिवसाकडे वळू. २२ सप्टेंबर २०२३ पासून जीआरई पूर्वीपेक्षा लहान झाली असून ती एक तास ५८ मिनिटांत संपते. शेवटचा प्रश्न सोडवून झाल्यावर पडद्यावर पहिला प्रश्न येतो तो गुण नोंदवायचे की रद्द करायचे, हा. या क्षणी गुण दिसत नसतात. नोंदवण्याचा पर्याय निवडला, की भाषिक आणि गणिती या दोन विभागांचे तात्पुरते गुण दिसतात, प्रत्येकी १३० ते १७० या श्रेणीत. लेखन विभागाचे गुण आणि अधिकृत निकाल साधारणपणे ८ ते १० दिवसांनी खात्यात येतो. तात्पुरते गुण पाहिल्यानंतर विद्यार्थ्याला जास्तीत जास्त चार विद्यापीठे मोफत निवडता येतात. ही संधी त्या दिवसापुरतीच असते. तेथे कोणतेच नाव निवडले नाही, तर ती चार मोफत रिपोर्टची सवलत नंतर वापरता येत नाही.

हा क्रम विद्यार्थ्याच्या फायद्याचा आहे, आणि त्याचा पुरेसा उपयोग केला जात नाही याचे मला वाईट वाटते. दोन मुख्य विभागांचे गुण डोळ्यांसमोर असताना विद्यापीठे निवडता येणे, याचा अर्थ असा की यादी गुणांनुसार बदलता येते. त्यासाठी परीक्षेपूर्वी आपल्या विद्यापीठांचे तीन गट करावेत. पहिल्या गटात, गुण कितीही आले तरी ज्यांना अर्ज करायचाच आहे आणि जी अर्जासोबतच अधिकृत रिपोर्ट मागतात, ती विद्यापीठे ठेवावीत. दुसऱ्यात, गणिती विभागात समजा १६५ किंवा त्याहून अधिक गुण आले तरच ज्यांचा विचार करायचा आहे, ती. तिसऱ्यात, प्रवेशानंतर रिपोर्ट मागणारी. या तिसऱ्या गटावर मोफत रिपोर्ट खर्च करू नये. पहिल्या दोन गटांतून दोन याद्या तयार होतात, अपेक्षेइतके गुण आल्यास पाठवायची चार नावे आणि कमी आल्यास पाठवायची चार नावे. परीक्षाकक्षात स्वतःचा कागद नेता येत नसल्याने या दोन्ही याद्या तोंडपाठ असाव्यात, आणि विद्यापीठाच्या नावासोबत त्याची शाखा आणि राज्यही लक्षात असावे.

राज्याचा आणि शाखेचा आग्रह धरण्यास कारण आहे. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन, डॅलस आणि आर्लिंग्टन येथील संस्था वेगळ्या आहेत, त्यांचे प्रवेश वेगळे आहेत आणि त्यांचे ईटीएस कोडही वेगळे आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आणि लॉस एंजलिस शाखांचेही तसेच. आणि लॉस एंजलिसमध्येच असलेले सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ हे तर पूर्णपणे स्वतंत्र, खासगी विद्यापीठ आहे. एका शाखेला पाठवलेला रिपोर्ट दुसऱ्या शाखेला आपोआप मिळत नाही. परीक्षेनंतर खात्यातून रिपोर्ट पाठवताना चार अंकी कोड पडताळून पाहावा, आणि तो विद्यापीठाच्या चालू हंगामाच्या पानावरून घ्यावा. वरच्या वर्गातल्या मुलांकडून हातोहात आलेल्या एक्सेल तक्त्यांतून घेऊ नये. संस्थांचे स्वरूपही बदलत असते. इंडियानापोलिस येथे इंडियाना आणि पर्ड्यू या दोन विद्यापीठांची जी संयुक्त शाखा होती, ती १ जुलै २०२४ पासून विभागली गेली आणि दोन्ही विद्यापीठांचे तेथील काम वेगळे झाले. जुन्या तक्त्यात मात्र तिचे जुने नाव तसेच राहिलेले असू शकते.

ज्यांनी परीक्षा एकापेक्षा अधिक वेळा दिली आहे, त्यांच्यासाठी स्कोअरसिलेक्ट ही सोय महत्त्वाची आहे. २०१२ पासून ती उपलब्ध आहे. परीक्षेच्या दिवशी मोफत रिपोर्ट पाठवताना दोनच पर्याय असतात, केवळ त्या दिवसाचे गुण किंवा गेल्या पाच वर्षांतील सर्व परीक्षांचे गुण. परीक्षेचा दिवस उलटल्यावर, शुल्क भरून पाठवताना, तिसरा पर्यायही मिळतो, आपल्याला हव्या त्या तारखेच्या एक किंवा अनेक परीक्षांचे गुण निवडण्याचा. मात्र एका तारखेच्या परीक्षेचे सर्व विभाग एकत्रच जातात. पहिल्या वेळचे गणित आणि दुसऱ्या वेळचे भाषिक गुण असा मेळ ईटीएसच्या रिपोर्टमध्ये घालता येत नाही. आपण न निवडलेल्या परीक्षा रिपोर्टमध्ये दिसत नाहीत, त्यामुळे कितव्यांदा परीक्षा दिली हे विद्यापीठाला त्यावरून कळत नाही. या कारणाने परीक्षेच्या दिवशी ‘सर्व गुण’ हा पर्याय निवडण्याचे प्रयोजन मला क्वचितच दिसते.

याच सोयीमुळे गुण रद्द करण्याच्या प्रश्नालाही आता फारसा अर्थ उरलेला नाही. परीक्षा वाईट गेली असे वाटून, गुण न पाहताच विद्यार्थी ते रद्द करतात. गुण नोंदवले आणि एकाही विद्यापीठाला पाठवले नाहीत, तरी ते आपल्याच खात्यात राहतात आणि आपण पाठवल्याशिवाय कोठेही जात नाहीत. परीक्षा देताना आलेली भावना आणि प्रत्यक्ष गुण यांत बरेच अंतर पडू शकते. प्रश्नांचा दुसरा संच पहिल्यातील कामगिरीनुसार सोपा किंवा अवघड येत असल्याने, अवघड संच आला म्हणजे परीक्षा बिघडली असे मुळीच नाही. रद्द केलेले गुण ६० दिवसांच्या आत शुल्क भरून पुन्हा मिळवता येतात, पण त्या फेऱ्यात मोफत रिपोर्टची संधी हातची जाते.

पुन्हा परीक्षा देण्याचा विचार असेल, तर पहिले गुण पाठवावेत की नाही? दोन परीक्षांमध्ये किमान २१ दिवसांचे अंतर असावे लागते आणि कोणत्याही १२ महिन्यांत पाचपेक्षा जास्त वेळा परीक्षा देता येत नाही. गुण अपेक्षेपेक्षा दोन-तीनने कमी असतील, तर मी पहिल्या गटातील विद्यापीठांना ते पाठवून मोकळा होईन, कारण नंतर वाढलेले गुण पाठवण्यास आडकाठी नसते. मात्र घसरण मोठी असेल, दुसऱ्या परीक्षेला खरोखर वेळ असेल आणि ती देण्याचा निश्चय असेल, तर सर्वांत अधिक इच्छा असलेल्या विद्यापीठाला ते गुण पाठवण्याची घाई करू नये. एकापेक्षा जास्त गुण आले तर कोणते विचारात घेतले जातील, हे विद्यापीठ आपल्या पानावर बहुधा सांगते. ते वाचूनच ठरवावे.

वेळेचे गणित मात्र शेवटच्या तारखेपासून मागे मोजत यावे. समजा अर्जाची अंतिम मुदत १५ डिसेंबर आहे आणि त्या तारखेपर्यंत अधिकृत रिपोर्ट पोहोचणे आवश्यक आहे. निकालाला १० दिवस धरले, आणि रिपोर्ट पोहोचून अर्जाशी जोडला जाण्यासाठी दोन आठवडे हाताशी ठेवले, तर परीक्षा उशिरात उशिरा २० नोव्हेंबरच्या सुमारास व्हायला हवी. तो दुसरा प्रयत्न असेल, तर पहिला ३० ऑक्टोबरपर्यंत झालेला असला पाहिजे. कागदावर हे जमते. परंतु महाराष्ट्रातील अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यासाठी ते फार जोखमीचे आहे, कारण विषम सत्राच्या लेखी परीक्षा साधारणपणे नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच येतात आणि त्याच काळात शिफारसपत्रे, उद्देशपत्र आणि प्रकल्पाचे कामही चालू असते. त्यामुळे पहिली परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये, किंवा तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपल्यावरच्या सुट्टीत द्यावी. जीआरईचे गुण पाच वर्षे ग्राह्य राहतात, त्यामुळे लवकर परीक्षा देण्याने काहीही बिघडत नाही. क्वचित ईटीएस एखादा निकाल तपासणीसाठी रोखून धरते; तसे झाले, तर ज्याने वेळ हाताशी ठेवलेला आहे तोच निभावून नेतो.

मुदत या शब्दाकडेही बारकाईने पाहावे. काही विद्यापीठे त्या तारखेपर्यंत अर्ज भरला जाण्याची अपेक्षा ठेवतात आणि स्कोअर नंतर आला तरी स्वीकारतात. काहींना त्या तारखेपर्यंत स्कोअर हाती पडलेला हवा असतो. घड्याळाचा हिशेबही वेगळा असतो. न्यूयॉर्कच्या वेळेनुसार १५ डिसेंबरच्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी संपणारी मुदत भारतात १६ डिसेंबरच्या सकाळी १० वाजून २९ मिनिटांनी संपते, आणि कॅलिफोर्नियाच्या वेळेनुसार असेल तर दुपारी १ वाजून २९ मिनिटांनी. अर्जासाठी हे काही तास उपयोगी पडतात. स्कोअर रिपोर्टसाठी मात्र त्यांचा उपयोग नाही, कारण रिपोर्ट मागितल्यानंतर तो निघून पोहोचायला काही दिवस जातातच. शिवाय डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात नाताळच्या सुट्टीमुळे विद्यापीठांच्या कार्यालयांतील काम थंडावलेले असते, आणि त्या दिवसांत पोहोचलेला रिपोर्ट अर्जावर दिसायला जानेवारी उजाडू शकतो.

रिपोर्ट वेळेवर पोहोचूनही तो अर्जाशी जोडला जात नाही, अशी एक अडचण मराठी विद्यार्थ्यांना येऊ शकते, आणि तिचे मूळ आपल्या नाव लिहिण्याच्या रीतीत आहे. गुणपत्रिकेवर बहुधा आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि अनेकदा शेवटी आईचे नाव असते. पासपोर्टवर मात्र आडनावाचा रकाना वेगळा असतो आणि दिलेल्या नावाच्या रकान्यात आपल्यासोबत वडिलांचेही नाव येते. जीआरईची नोंदणी पासपोर्टवरील नावाप्रमाणेच करावी लागते, कारण भारतातील परीक्षा केंद्रावर ओळखीचा पुरावा म्हणून सहसा पासपोर्टच दाखवला जातो. विद्यापीठाची यंत्रणा नाव, जन्मतारीख आणि ईमेल यांसारख्या तपशिलांवरून रिपोर्ट आणि अर्ज यांची जोडी लावते. अर्जात नाव गुणपत्रिकेप्रमाणे आणि परीक्षेत पासपोर्टप्रमाणे असेल, तर ही जोडी लागत नाही आणि रिपोर्ट विद्यापीठात असूनही अर्ज अपूर्ण दिसत राहतो. म्हणून अर्जातही नाव, त्याचे भाग आणि त्यांचा क्रम पासपोर्टप्रमाणेच ठेवावा. ईमेलचा पत्ताही एकच वापरावा. अर्जात ईटीएसच्या नोंदणी क्रमांकासाठी जागा असेल, तर तो न चुकता भरावा.

जीआरई सर्वच ठिकाणी लागते असेही आता राहिलेले नाही. २०२० नंतर, महामारीच्या काळात, अनेक विभागांनी तिची अट शिथिल केली. काहींनी ती पुन्हा आणली, काहींनी कायमची काढून टाकली. जेथे ती ऐच्छिक आहे, तेथे गुण अर्जाला बळ देणारे असतील तरच पाठवावेत. पदवीचे गुण मध्यम असून गणिती विभागात १६८ किंवा १७० मिळाले असतील, तर ते अवश्य कळवावेत. जेथे गुण स्वीकारलेच जात नाहीत, तेथे पाठवून काहीही साधत नाही.

इंग्रजीच्या परीक्षांचे नियम याहून वेगळे आहेत, आणि जीआरईची सवय तेथे लागू करणे चुकीचे ठरते. टोफेलमध्येही चार विद्यापीठे मोफत निवडता येतात, पण ती परीक्षेच्या आदल्या रात्री १० वाजेपर्यंत खात्यात नोंदवावी लागतात, म्हणजे गुण पाहण्यापूर्वीच. भाषेच्या परीक्षेत बहुतेक विद्यापीठांना किमान पातळी गाठलेली हवी असते, त्यामुळे येथे आधीच नावे देण्यात मला धोका वाटत नाही. सराव परीक्षांत ती पातळी सहज गाठता येत असेल, तर चारही नावे भरून ठेवावीत. टोफेल आणि आयईएलटीएस यांचे गुण साधारणपणे दोन वर्षेच ग्राह्य धरले जातात, आणि काही विद्यापीठे ही मुदत अर्जाच्या दिवसापर्यंत नव्हे तर सत्र सुरू होईपर्यंत शिल्लक असावी असे सांगतात. नोकरी करून दोन वर्षांनी अर्ज करणाऱ्यांनी हे विशेष तपासावे, कारण त्यांची जीआरई चालू असते आणि टोफेल मात्र संपलेली असते.

व्यवस्थापन शाखेसाठी जीमॅट देणाऱ्यांना अधिक सवड मिळते. अधिकृत गुण उपलब्ध झाल्यापासून ४८ तासांच्या आत पाच संस्थांना मोफत रिपोर्ट पाठवता येतो, आणि निवड गुण पाहूनच करायची असते. बारावीनंतर अमेरिकेत जाणाऱ्यांच्या सॅटमध्ये चित्र उलटे आहे. तेथे चार मोफत रिपोर्ट परीक्षेनंतर नऊ दिवसांपर्यंत नोंदवता येतात, पण निकालाला साधारण दोन आठवडे लागत असल्याने ते गुण न पाहताच पाठवावे लागतात. पुष्कळ महाविद्यालये अर्जात स्वतः भरलेले सॅटचे गुण स्वीकारतात, म्हणून तेथे घाई न करणे चांगले. मात्र प्रत्येक संस्थेचे धोरण पाहावे. एमआयटीने २०२२ मध्ये सॅट किंवा एसीटी या तशाच दुसऱ्या परीक्षेची अट पुन्हा आणली, कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठी हे गुण पाहतच नाही, आणि जॉर्जटाऊन विद्यापीठाला विद्यार्थ्याने दिलेल्या सर्व परीक्षांचे गुण हवे असतात, त्यामुळे निवडक गुण पाठवण्याची मुभा तेथे उपयोगाची नाही.

अर्ज भरून झाल्यावर प्रत्येक विद्यापीठाच्या पोर्टलवर कागदपत्रांची यादी दिसते, आणि तीत जीआरईपुढे ‘मिळाले नाही’ असे दिसले की विद्यार्थी लगेच दुसऱ्यांदा शुल्क भरून रिपोर्ट पाठवतात. तसे करण्यापूर्वी ईटीएसच्या खात्यात रिपोर्ट पाठवल्याची तारीख आणि संस्थेचे नाव पाहावे. त्यानंतर दहा-बारा दिवस झाले असतील, तर विभागाच्या प्रवेश समन्वयकाला ईमेल करून पासपोर्टवरील पूर्ण नाव, जन्मतारीख, नोंदणी क्रमांक, परीक्षेची तारीख आणि रिपोर्ट पाठवल्याची तारीख कळवावी, आणि सोबत स्कोअरची प्रत जोडावी. रिपोर्ट विद्यापीठात आलेला असेल, तर या तपशिलांवरून तो शोधून अर्जाशी जोडता येतो. तो आलेलाच नाही असे उत्तर लेखी मिळाले, तरच नवा रिपोर्ट मागवावा आणि त्यापूर्वी कोड पुन्हा एकदा पडताळून पाहावा.